गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

दसरा झाला की नाशकात गीझरची चौकशी सुरू होते, आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या आत बसवून द्या म्हणून सगळ्यांचीच घाई असते. या घाईत एक गोष्ट नीट बोलायची राहून जाते. ती इथे लिहिली आहे. पैसे देण्याआधी दहा मिनिटं काढून वाचा आणि घरातल्या बाकीच्यांनाही वाचायला द्या.

आमच्या दुकानाचा नियम असा: गॅस गीझर आम्ही बाथरूमच्या आत बसवत नाही. ओळखीचं गिऱ्हाईक असो, ‘खिडकी आहे की’ असं म्हणणारं असो, किंवा शेजारच्यांनी आतच बसवलेला असो. बाहेर मोकळ्या हवेत जागा नसेल तर विजेचा गीझर घ्या असं आम्ही सरळ सांगतो, आणि तो आमच्याकडूनच घ्या असा आग्रह धरत नाही.

वासावर भरवसा ठेवू नका

‘गॅस असेल तर वास येईलच ना?’ हे आम्ही रोज ऐकतो. येतो, पण न जळलेल्या गॅसचा. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. गीझर पेटला की ज्योतीत तेही जळून जातं. म्हणजे गीझर चालू असताना तुमच्या नाकाला ओळखता येईल असं काहीच उरत नाही.

धोका आहे तो जळून बाहेर पडणाऱ्या हवेचा. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. त्यामुळे श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, आणि हातापायांतली ताकद जाते. कडी समोर दिसत असते, पण हात तिथवर जात नाही. म्हणूनच अशा घटनांत माणूस दाराशीच पडलेला सापडतो.

जुन्या घरांत बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. शेगडीतून निघणारा विषारी वायू हाच. ‘शेगडीपाशी गुदमरली’ असं घरातली म्हातारी माणसं सांगायची ते याचमुळे.

हिशेब करून पाहा

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळजवळ ९०० ग्रॅम गॅस जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकदम पेटवावेत, एवढी ही आग. एक किलो गॅस पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे हा गीझर मिनिटाला २०० लिटरच्या आसपास हवा वापरतो.

आता बाथरूम बघा. फ्लॅटमधलं बाथरूम ४ बाय ६ फूट, उंची ८ फूट धरू. त्यात हवा मावते सुमारे ५,४०० लिटर. दार बंद, खिडकी बंद, तर चार-पाच मिनिटांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास येतो. तिथून पुढे ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. दाराच्या फटीतून थोडी हवा येते, त्यामुळे ही वेळ थोडी पुढे सरकते, एवढंच.

एक बादली कडक पाणी काढायलाच तीन-चार मिनिटं लागतात. आता घरात चार माणसं एकामागून एक अंघोळीला जातात असं धरा. पहिला माणूस ठीक बाहेर येतो. दुसऱ्याला ‘जरा गुदमरल्यासारखं’ होतं आणि तो ते वाफेवर ढकलतो. सगळ्यात जास्त धोका शेवटच्याला. आणि आपल्याकडे शेवटी अंघोळीला जाते ती बहुतेक घरात आईच, सगळ्यांचं आवरून झाल्यावर.

‘आमच्याकडे दहा वर्षं आतच आहे, कुठे काय झालं?’ असं सांगणारे ग्राहक खोटं बोलत नसतात. पण त्या दहा वर्षांत घर बदललेलं असतं, हे त्यांच्या लक्षात आलेलं नसतं. जुनं लाकडी दार खालून चार बोटं उघडं होतं, ते कुजलं म्हणून फायबरचं घट्ट दार आलं. काचेच्या पट्ट्यांची खिडकी जाऊन तिथे स्लायडिंग बसली. डासांसाठी जाळी लावली, ती साबणाच्या वाफेने आणि धुळीने बुजली. गीझर तोच राहिला, हवा येण्याच्या वाटा एकेक करून बंद झाल्या.

सिडको भागातल्या एका घरचं सांगतो. ‘गीझर सारखा विझतो’ अशी तक्रार होती. गीझर दुसऱ्या कुणी आतच बसवलेला. थंडी आत येते म्हणून खिडकीच्या पट्ट्यांवर दुधाच्या पिशव्या कापून चिकटपट्टीने लावल्या होत्या, अगदी काळजीपूर्वक, कोपरे दुमडून. घरात दोन वर्षांचं मूल होतं, त्याला गार वारा लागू नये म्हणून. त्या गीझरला हवेतला ऑक्सिजन कमी झाला की ज्योत बंद करणारा सेन्सर होता, तो आपलं काम चोख करत होता. आमच्या आधी आलेल्या मेकॅनिकने ‘सेन्सर खराब आहे, काढून टाकू’ असं सुचवलं होतं. सुदैवाने घरच्यांनी दुसरं मत घ्यायचं ठरवलं. आम्ही त्या दिवशी गीझर उतरवला आणि ड्राय बाल्कनीत हलवला. गीझर आपोआप विझत असेल तर आधी हवा तपासा. सेन्सर किंवा टायमर काढायला कुणालाही देऊ नका, अगदी आमच्या माणसालाही.

बाहेर म्हणजे कुठे

ड्राय बाल्कनी उत्तम, पण ती खरोखर उघडी हवी. अनेकांनी ती ॲल्युमिनियमच्या खिडक्यांनी बंद करून घेतलेली असते. मग ती बाल्कनी राहत नाही, छोटी खोली होते, आणि स्वयंपाकघराचं दार तिच्यातच उघडतं. त्यातून स्वयंपाकघरात चिमणी लावली असेल तर ती खोलीतली हवा बाहेर फेकते आणि त्या जागी बाल्कनीतली हवा आत ओढते, गीझरच्या जळक्या हवेसकट. अशा ठिकाणी निदान एक बाजू कठड्यापासून वरपर्यंत कायमची उघडी ठेवता येत असेल तरच आम्ही काम घेतो. ‘अंघोळीच्या वेळी खिडकी उघडू’ हे आम्ही मान्य करत नाही, कारण जानेवारीत निफाडकडून गार वारे यायला लागले की ती खिडकी कुणीही उघडत नाही.

बाहेरच्या भिंतीवर बसवताना एक चूक सर्रास होते: गीझर बरोबर बाथरूमच्या व्हेंटिलेटरखाली लावतात, पाइप कमी लागतो म्हणून. जळकी गरम हवा वर चढते आणि त्याच व्हेंटिलेटरमधून आत येते. बेडरूमच्या खिडकीखालीही नको. इमारतीच्या डक्टमध्ये बसवायचा विचार असेल तर डक्ट वरून आकाशाला उघडा आहे का ते आधी गच्चीवर जाऊन पाहतो. पावसासाठी त्यावर पत्रे टाकलेले असतील तर तिथे नाही, कारण तुमची जळकी हवा वरच्या मजल्यांच्या बाथरूममध्ये शिरेल.

‘एक्झॉस्ट फॅन आहे, मग आत का नको?’ हाही प्रश्न येतो. फॅन हवा बाहेर फेकतो हे खरं, पण तेवढीच हवा आत यायला वाट नसेल तर तो फार थोडी हवा हलवतो. शिवाय ज्या गीझरची जळकी हवा पाइपातून आपोआप वर जाते, त्या पाइपातून फॅन तीच हवा उलट आत ओढू शकतो. वीज गेली की फॅन बंद पडतो. गीझर मात्र सेलवर चालतो, तो चालूच राहतो.

बाहेर बसवल्यावर पाणी येईपर्यंत गार होतं, ही तक्रार रास्त आहे. पाइप तीन-चार मीटरच्या आत ठेवून त्यावर फोमचं वेष्टण घातलं की फरक पडतो. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरा, तेच विसणाला लागतं.

सिलिंडरही उघड्या जागी, उभा आणि जमिनीच्या पातळीवर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, मोरीत उतरतो. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळीच घ्या आणि ५ वर्षं झाली की बदला. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो आणि त्याचा दाबही वेगळा, म्हणून एलपीजीचा गीझर त्यावर तसाच जोडता येत नाही. गॅस बदलणार असाल तर आधी विचारा.

आत्ता आत बसवलेला असेल तर

गीझर हलवून होईपर्यंत हे पाळा. दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरा. गीझर बंद करा, गॅसची कळही बंद करा. पाच मिनिटं जाऊ द्या. मग आत जाऊन अंघोळ करा. शॉवर नाही, आणि गीझर चालू ठेवून दार लावायचं नाही. लहान मुलांना आणि वयस्कर मंडळींना कडी लावू देऊ नका. गरोदर बाईला तर हे पाणीही बाहेर काढून दुसऱ्या कुणी द्यावं, कारण गर्भातल्या बाळाला या वायूचा धोका आईपेक्षा जास्त असतो.

ज्योतीकडे लक्ष ठेवा. निळी आणि ठाम असेल तर ठीक. पिवळी, लांब, लवलवणारी दिसली किंवा गीझरच्या वरच्या भागावर काजळी धरली की वापर थांबवा. आतमध्ये तांब्याच्या पातळ पट्ट्या असतात, कंगव्याच्या दातांसारख्या जवळजवळ. त्यांच्यामधून जळकी हवा वर जाते. वर्ष-दीड वर्ष न उघडलेल्या गीझरच्या पट्ट्या काढून आम्ही उजेडापुढे धरतो, तेव्हा पलीकडचं काही दिसत नाही, इतकी काजळी आणि कोळ्याची जाळी भरलेली असते. त्या बुजल्या की बाहेर मोकळ्या हवेतला गीझरही नीट जळत नाही. म्हणून वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्याच, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

बाजारात मिळणारा गळती सांगणारा अलार्म एलपीजीचा असतो, तो जमिनीलगत लावतात आणि कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म येतो. घेताना खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ लिहिलेलं आहे का ते पाहा.

कुणी आत पडलं तर

हाक मारून उत्तर आलं नाही तर वाट पाहू नका, दार तोडा. दार उघडताच गॅस बंद करा, श्वास रोखून आत जा आणि माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नसेल आणि तुम्हाला छाती दाबायची पद्धत येत असेल तर लगेच सुरू करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. इथे त्याच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं, आणि माणूस मरणाच्या दारात असताना ते ९८ दाखवू शकतं. डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, ‘गॅस गीझर चालू होता.’ या एका वाक्याने योग्य ती रक्ततपासणी आणि मास्कने शुद्ध ऑक्सिजन लवकर सुरू होतो. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. शुद्धीवर आला, चहा प्यायला, बरं वाटतंय म्हणून घरी ठेवू नका. बाकीच्यांनाही डोकेदुखी किंवा मळमळ असेल तर त्यांनाही दवाखान्यात न्या.

न जळलेल्या गॅसचा वास आला तर स्विचला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

आमचं काम

विक्रीआधी आमचा माणूस घरी येऊन जागा पाहतो, त्याचे पैसे नाहीत. तो बाथरूमचं दार, व्हेंटिलेटर, चिमणी, डक्ट, बाल्कनी सगळं उघडून बघेल. त्या वेळी घरात जो रोज सगळ्यात शेवटी अंघोळ करतो, त्याने हजर राहावं. गीझर लावल्यावर ज्योत, सेल, नळी आणि साबणाच्या पाण्याने सांधे तपासून दाखवले जातील. ते तुमच्यासमोर झाल्याशिवाय कागदावर सही करू नका.

आत बसवलेला गीझर, मग तो कुणाकडूनही घेतलेला असो, बाहेर हलवायचा असेल तर आम्ही मजुरी घेत नाही. पाइप आणि फिटिंगचा खर्च तेवढा तुमचा. दिवाळीआधीच्या आठवड्यात आमच्याकडे हातच कमी पडतात, तेव्हा नवरात्रातच सांगून ठेवा.