हिवाळ्यात कावळे रात्री हजारोंनी एकत्र का येतात?

हिवाळ्यात ऊन उतरायला लागलं की कावळे चारी बाजूंनी एकाच दिशेला निघतात, ओळीच्या ओळी, आणि अंधार पडेपर्यंत ठरलेल्या झाडांवर नुसती काळी गर्दी. हा त्यांचा रातथारा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलला युनिव्हर्सिटीच्या पाणथळीत हिवाळ्यात 10 हजारांवर कावळे उतरतात.

हिवाळ्यातच का, तर विणीच्या हंगामात जोडीला अंडी-पिल्लं टाकून झोपायला लांब जाता येत नाही, पिल्लं मोठी झाली की जोडी मोकळी होते. त्यात जास्त थंड भागातले कावळेही दक्षिणेला सरकतात, गर्दी वाढते. आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की अमेरिकन कावळ्यांच्या बऱ्याच जोड्या हिवाळ्यातही दिवसभर आपापल्या एरियातच असतात, फक्त रात्रीपुरत्या गर्दीत जातात आणि सकाळी परत घरी.

झाडावर थेट जात नाहीत हां. आधी जवळच्या मैदानात नाहीतर छतांवर जमतात, कलकलाट, पाठलाग, आणि पार अंधारताना सगळे मुक्कामाच्या झाडांवर सरकतात. दुसऱ्या दिवशी झाडाखाली बघा, विष्ठेचा सडा असतोच पण त्यात छोट्या गोळ्याही सापडतात, न पचलेल्या बिया आणि हाडांचे तुकडे, कावळे ते तोंडावाटे बाहेर टाकतात.

एवढ्या संख्येने एकत्र येण्यामागे मुख्य भीती घुबडाची. कावळ्याला अंधारात नीट दिसत नाही, घुबडाला दिसतं, म्हणून एवढ्या गर्दीत आपलाच नंबर लागण्याचा चान्स कमी, शिवाय शहरातल्या दिव्यांच्या उजेडात घुबड आधी दिसू शकतं, शहरात ऊबही जरा जास्त. दुसरं कारण खाण्याची माहिती. 1973 मध्ये वॉर्ड आणि झहावी या शास्त्रज्ञांनी मांडलं की असे रातथारे म्हणजे माहिती केंद्रं, भुकेले पक्षी सकाळी पोटभर खाल्लेल्यांच्या मागे जातात. सगळ्या पक्ष्यांना हे लागू होतं का यावर बरेच वाद झाले, पण कावळ्यांचे मोठे भाऊबंद रेव्हन, त्यांच्यावर अमेरिकेत मेन राज्यात प्रयोग झाले त्यात मेलेल्या जनावराचा पत्ता नसलेले पक्षी माहितगारांबरोबर तिथे बरोबर पोचले.

सकाळी निघायचं कधी हेही आवाजावर ठरतं. ब्रिटनमधल्या जॅकडॉ या छोट्या कावळ्यांवरचा अभ्यास 2022 मध्ये आला, पहाटे ओरडा वाढत जातो आणि एका पातळीला पोचला की शेकडो पक्षी काही सेकंदांत एकदम उठतात. संशोधकांनी त्यांचेच रेकॉर्ड केलेले आवाज लावले तर थवा सुमारे 6 मिनिटं आधीच उडाला. ओरडा पुरेसा चढला नाही तर मात्र ते थोडे थोडे करून निघतात.