'टोपणनाव' असं कंसात लिहावं लागलेली लेखिका

रशियन कादंबरी म्हटली की आपल्याकडे ठरावीक दोन-तीन दाढीवाले आठवतात. त्यांच्याच काळात, त्याच मोठ्या मासिकांतून नादेझ्दा ख्वोश्चिन्स्काया लिहीत होती. वडिलांवर सरकारी पैशांच्या अपहाराचा आळ आला, नोकरी गेली, जमीनजुमला गेला. पुढे ते निर्दोष ठरले, पण घराची विस्कटलेली घडी बसली नाही. रियाझानच्या त्या घरातल्या तिन्ही बहिणी टोपणनावाने लिहीत, आणि संसार बराचसा नादेझ्दाच्या मानधनावर चाले.

1847 पासून तिच्या कविता खऱ्या नावाने छापून येत होत्या. गद्यासाठी मात्र 1850 मध्ये तिने 'व्ही. क्रेस्तोव्स्की' हे नाव घेतलं. दहाएक वर्षांत ते चांगलं रुळलं, आणि नेमका तेव्हाच खराखुरा व्सेवोलोद क्रेस्तोव्स्की साहित्यात उगवला. आडनाव तेच, आद्याक्षरही तेच. 1864 पासून येऊ लागलेल्या पीटर्सबर्गच्या झोपडपट्ट्यांवरच्या त्याच्या कादंबरीने तर धुमाकूळ घातला. नाव आधी हिने वापरलेलं, पण जन्माने त्याचं. शेवटी माघार हिनेच घेतली, तीही अर्धीच: नावापुढे कंसात 'टोपणनाव' असं छापू लागली. खरं नाव साहित्यवर्तुळात सगळ्यांना ठाऊक असताना ते का लावलं नाही, असा प्रश्न नेहमी निघतो. मला त्यात हट्ट दिसत नाही. संपादक, वाचक आणि मानधनाचा दर हे सगळं त्या नावावर उभं होतं. चालती सही कोण टाकून देईल? तोटा व्हायचा तो झालाच. पुढच्या पिढ्यांनी क्रेस्तोव्स्की म्हणून लक्षात ठेवला तो दुसराच.

1861 ची 'पान्सिओनेर्का' (शाळकरी मुलगी) ही तिची सर्वांत धारदार कथा. गावात नजरकैदेत असलेला एक तरुण नायिका लेलेन्काच्या डोक्यात बंडाचं बी पेरतो. ती परीक्षेत मुद्दाम नापास होते, घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारते आणि पीटर्सबर्ग गाठते. आठ वर्षांनी तो तिला तिथल्या हर्मिटाज या कलासंग्रहालयात भेटतो तेव्हा ती चित्राची नक्कल करत बसलेली असते, स्वतःच्या कमाईवर जगत. तो हताश झालेला, ती ठाम. त्या काळच्या नायिकांचे शेवट बहुधा लग्नात नाहीतर मरणात होत. हा शेवट त्या मानाने फार पुढचा.

1865 मध्ये धाकटी बहीण सोफिया वारली. आपलं लेखन पुन्हा छापू नका, असं तिने जाताना बजावलं होतं आणि नादेझ्दाने ते पाळलं. स्वतः नादेझ्दा 1889 मध्ये पीटरहॉफला वारली. 2000 मध्ये 'पान्सिओनेर्का' इंग्रजीत आली. 2017 मध्ये सोफियाची 1863 ची कादंबरीही आली, तिची मनाई बाजूला सारून. कादंबरी वाचल्यावर त्या मनाईची बाजू घ्यावीशी वाटत नाही.