दडपणाच्या क्षणी बायबलमधलं वचन काय करतं?

३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या. ३३९ धावांचं लक्ष्य गाठून भारत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचला. सामना संपल्यावर तिने आधी येशूचे आभार मानले. मग जे सांगितलं ते क्रीडा मानसशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. सुरुवातीला ती स्वतःशी बोलत खेळत होती. पुढे अंगातलं त्राण संपत आलं, तेव्हा ती बायबलमधलं एक वचन म्हणत राहिली: तू फक्त स्थिर उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल.

हे वचन बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १४व्या अध्यायातलं. समोर समुद्र, मागे इजिप्तचा राजा फारो याचं सैन्य, आणि घाबरलेल्या इस्राएली लोकांना त्यांचा नेता मोशे धीर देतो आहे. पण शेवटच्या षटकांत थकलेल्या फलंदाजाच्या शरीरात आणि मनात अशा वचनाने नेमकं काय होतं?

दडपणाखाली खेळ का बिघडतो, याचं एक स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर यांनी १९८४ साली मांडलं. हजारो वेळा केलेला फटका हातात मुरलेला असतो. दडपण आलं की खेळाडूचं लक्ष स्वतःकडे वळतं. पाय कुठे आहे, बॅट कशी येते आहे, हे तो तपासू लागतो, आणि सहज होणारी गोष्ट अडखळते. अशा वेळी मनाला धरायला एखादं छोटं, ओळखीचं वाक्य मिळालं तर ही तपासणी थांबू शकते. स्वतःशी बोलण्याच्या तंत्रावरच्या ३२ अभ्यासांचा २०११ साली एकत्रित आढावा घेतला गेला. या तंत्राने कामगिरीत मध्यम प्रमाणात, पण निश्चित सुधारणा होते, असं त्यात दिसलं.

श्वासाचा भागही आहे. इटलीचे संशोधक लुचियानो बर्नार्दी यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधून रोझरीची, म्हणजे कॅथलिकांची जपमाळेवरची, प्रार्थना म्हणायला लावली, आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्रही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला साधारण ६ वर आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. म्हणजे हा परिणाम लयीचा; धर्म कोणता, याने त्यात फरक पडला नाही.

मग अर्थाचं काय? मला वाटतं, खरा गाभा तिथेच आहे. बास्केटबॉलपटू स्टीफन करी बुटांवर बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या ज्या वचनाचे शब्द लिहितो, ते क्रीडाजगतात फार लोकप्रिय आहे: सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो. पुष्कळांना ही विजयाची हमी वाटते. पण ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल याने ते पत्र कैदेतून लिहिलं, आणि त्याआधीच्याच ओळींत तो म्हणतो की भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही स्थितींत समाधानी राहायला मी शिकलो आहे. हरल्यावरही आपली किंमत कमी होत नाही, असा आधार यातून मिळतो. जेमिमाला त्याच विश्वचषकात एका सामन्यात संघाबाहेर बसावं लागलं होतं. चिंतेने ग्रासलेल्या त्या दिवसांत आपण जवळजवळ रोज रडत होतो, हे तिने उघडपणे सांगितलं. धावफलकावर स्वतःची किंमत टांगलेली नसेल, तर चुकण्याची भीती थोडी ओसरते.

टोरांटो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मायकल इन्झलिक्ट यांनी मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या तेव्हा याला पूरक असं काही आढळलं. ज्यांची धर्मश्रद्धा दृढ होती, त्यांच्या मेंदूत स्वतःची चूक झाल्यावर उठणारी धोक्याची लहर सौम्य होती. हा फक्त परस्परसंबंध आहे. श्रद्धेमुळेच असं घडतं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम स्रोत मात्र आधी प्रत्यक्ष मिळवलेलं यश, असं मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा सांगत. शब्दांचा आधार त्याहून दुबळा. त्यामुळे वचन नेट्समधल्या घामाची जागा घेत नाही. धर्माचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी १९८८ साली देवावर विसंबण्याच्या तऱ्हा तपासल्या. सगळं देवावर सोपवून स्वस्थ बसणाऱ्यांमध्ये स्वतःच्या क्षमतेची जाणीव कमी आढळली. देवाला सोबती मानून स्वतः झटणाऱ्यांमध्ये ती जास्त होती. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला ब्रिटनचा धावपटू एरिक लिडेल हा दुसऱ्या तऱ्हेचा. १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, ख्रिस्ती उपासनेच्या दिवशी, म्हणून त्याने ती शर्यत सोडली; पण वेळापत्रक महिन्यांआधीच कळल्यामुळे तो ४०० मीटरचा सराव करत राहिला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकला.

याची दुसरी बाजू प्रशिक्षकांनी आणि चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी ओळखायला हवी. वाट्याला आलेलं संकट ही देवाने दिलेली शिक्षा आहे असं मानणाऱ्या माणसात ताण अधिक असतो, हेही पार्गामेंट यांच्याच पुढच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. दुखापतीने वर्ष गमावलेल्या मुलीला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असं कुणी म्हणत असेल, तर तिला तिथून बाहेर काढून समुपदेशकाकडे नेणं, हे तिच्याबरोबर प्रार्थना करण्याइतकंच गरजेचं आहे.