कुंडीतले छोटे पाइन : रोप नेण्याआधी हे वाचा

बाजारात पाइन म्हणून जे मिळते ते बऱ्याचदा पाइन नसते. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या पाइनच्या सुया जुडीने येतात : जपानी काळ्या पाइनच्या दोन-दोन, हिमालयातल्या चीडाच्या तीन-तीन, जपानी पांढऱ्या पाइनच्या पाच-पाच. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारे रोप बहुधा अरौकारिया असते, मूळचे पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचे. त्याचा शेंडा कधीही छाटू नका, झाडाचा डौल परत येत नाही. मोरपंखी आणि जुनिपर ही झाडे आणखी वेगळी. आम्ही प्रत्येक कुंडीवर खरे नाव लिहून देतो, कारण नावाप्रमाणे निगा बदलते.

फोटोंमध्ये दिसणारा गोल, बुटका मुगो पाइन आल्प्ससारख्या थंड डोंगरांतला. त्याला कडक हिवाळ्याची विश्रांती हवी असते. मुंबईत किंवा कोकणात ती मिळत नाही, पुण्या-नाशकातही पुरत नाही. म्हणून आम्ही तो विकत नाही. काळा पाइन मात्र जपानच्या किनाऱ्यांवर वाढणारा, ऊन आणि खारा वारा सोसणारा. पुण्याच्या हवेत प्रयत्न करण्याजोगा पाइन हाच. तुमचे हे पहिलेच झाड असेल तर आधी जुनिपर किंवा मोरपंखी न्या आणि एक पावसाळा सांभाळून बघा.

पावसाळाच म्हणतो, उन्हाळा नाही. ही झाडे तहानेने जितकी मरतात त्याहून जास्त मुळे कुजून मरतात. सुरुवातीला आम्ही काळ्या मातीत लावलेली रोपे श्रावणात गमावली. वरून ती हिरवीगार दिसत होती, मुळे मात्र काळी पडली होती. सूचिपर्णी झाड मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवे दिसते, त्यामुळे तपकिरी रंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आता आम्ही निम्मी बारीक खडी किंवा विटांचा चुरा, उरलेल्या निम्म्यात पोयटा आणि चाळलेले जुने शेणखत असे मिश्रण वापरतो. पाणी ओतल्यावर ते काही क्षणांत तळातून बाहेर आले पाहिजे. बोट दोन पेरे खुपसा, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. जून ते सप्टेंबर कुंडीखालची ताटली काढून ठेवा आणि कुंडी दोन विटांवर चढवा.

जागा उघडी, दिवसाला निदान पाच तास उन्हाची. दिवाणखान्यात सणापुरते चार दिवस ठेवलेत तर चालेल, कायमचे नको.

पाइनला नवी पालवी मेणबत्त्यांसारख्या उभ्या कोंबांनी येते. सुया उलगडण्याआधी हे कोंब बोटांनी निम्मे खुडले की झाड ठेंगणे आणि दाट राहते. कात्री लावली तर सुयांची टोके करपतात. सुया गळून उघड्या पडलेल्या जुन्या फांदीला पुन्हा पालवी फुटत नाही, म्हणून तिथपर्यंत छाटू नका. आतल्या बाजूच्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळणे मात्र नेहमीचेच, त्याला औषध नको.

कुंडी बदलताना मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, धुऊन तर मुळीच टाकू नका. पाइनच्या मुळांना ती पाणी आणि अन्न शोषायला मदत करते. मूळची थोडी माती तशीच राहू द्या.

मार्च-एप्रिलमध्ये जुनिपर किंवा मोरपंखी निस्तेज वाटली तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालताना दिसले तर ती कोळी कीड आहे. तीन-चार दिवसांआड सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवा. तरीही रंग उतरत राहिला तर एक फांदी आणि मूठभर माती पिशवीत घालून दुकानात आणा. मुळांचे दुखणे फोटोवरून कळत नाही.