ओळंब्यातले खांब फोटोत का कलतात?

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. टोकदार कमानी, उंच छत, रंगीत काचांतून झिरपणारा उजेड. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू १८५८ सालची.

मानेबरोबर कॅमेराही वर जातो आणि घोळ तिथेच होतो. घरी येऊन वाइड अँगलचा फोटो पाहावा, तर गवंड्यांनी ओळंबा धरून उभे केलेले खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे कललेले! बोल लेन्सला लागतो, पण दोष तिचा नाही. कॅमेरा वर केला की आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा सपाट पत्रा, मागे झुकतो, खांबांना समांतर राहत नाही. सेन्सरच्या हिशेबात खांबांची वरची टोकं लांब पडतात, आणि तिथलं खांबांमधलं अंतर लहान भरतं. वर बघताना डोळ्यांचंही असंच होतं. फक्त मान वळवल्याचं मेंदूला ठाऊक असतं, म्हणून तो सांभाळून घेतो.

उपाय गवंड्याचाच: पाणसळ. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पडद्यावर ती असते. कॅमेरा पातळीत आला की खांब सरळ होतात. मात्र मग अर्धा फोटो फरशीचा येतो. कॅमेरा उभा धरावा आणि नंतर खालचा भाग कापावा.

फोटोच्या कडेला वस्तू ताणल्या जातात, ती गोष्ट वेगळी. टॉर्चचा झोत भिंतीवर सरळ टाकला तर गोल पडतो, तिरका टाकला तर लंबगोल. सपाट सेन्सरच्या कडेला उजेड असाच तिरका पोचतो. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमीची लेन्स आडवे सुमारे ९७ अंश बघते. मध्यापासून ४५ अंशांवरची वस्तू बाहेरच्या दिशेने दुप्पट ताणली जाते, त्या दिशेच्या काटकोनात जेमतेम १.४ पट. म्हणून कडेला उभ्या माणसाचा चेहरा भोपळ्यासारखा पसरतो. सरळ रेषा सरळ ठेवण्याची ही किंमत आहे. फिशआय ही अतिरुंद दृश्य टिपणारी लेन्स हा ताण बराच कमी ठेवते, पण खांब वाकवते.

आणि फोटोत चर्च आहे त्याहून लांबलचक का वाटतं? आपण पुढच्या खांबाला खेटून उभे असतो म्हणून. तो २ मीटरवर आणि शेवटचा २० मीटरवर असेल, तर पुढचा दहापट मोठा दिसतो. १० मीटर मागे सरका, तोच फरक अडीचपटीवर येतो. लेन्स तीच. मी तर आधी पार मागच्या भिंतीला पाठ टेकवतो, आणि मगच ट्रायपॉड उघडतो.