आभासी वस्तुनिर्मिती

आभासी वस्तुनिर्मिती : ऑनलाइन आभासी जगात वापरायच्या, मांडायच्या किंवा विकायच्या वस्तूंचा आराखडा करून त्या घडवण्याचे काम. कपडे, दागिने, घरे, फर्निचर, वाहने, केशरचना असे तिचे अनेक प्रकार आहेत. या वस्तू हातात घेता येत नाहीत. पण त्यांना आकार, रंग, पोत, मालक आणि बहुधा किंमतही असते. खेळाच्या नियमांप्रमाणे ठरावीक सामग्री गोळा करून कंपनीने आधीच रेखलेली तलवार ‘बनवणे’ या संज्ञेत धरलेले नाही. वस्तूचे रूप ज्याने ठरवले तो तिचा कर्ता, अशी मर्यादा येथे पाळली आहे. उदाहरणांसाठी प्रामुख्याने सोलापुरी चादर घेतली आहे, कारण जॅकार्ड मागावरची (छिद्रित कार्डांनी नक्षी विणणाऱ्या मागावरची) नक्षी आणि पडद्यावरचे टेक्स्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र, या दोहोंची सुरुवात चौकटींच्या जाळीवरच होते.

उगम : या कामाचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ च्या सुमारास सुरू केलेले ‘मड’ हे शब्दांनी उभे केलेले जग अनेक जण आद्य मानतात. त्यात वस्तू होत्या, त्या उचलता-टाकता येत. परंतु त्या रचण्याचा अधिकार जग चालवणाऱ्यांकडेच होता. दुसरे मत ल्युकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ला अग्रमान देते. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांचे हे जग १९८५-८६ च्या सुमारास कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर आले. पडद्यावर दिसणाऱ्या मनुष्याकृतीसाठी ‘अवतार’ हा शब्द त्यात वापरला होता, आणि अवतारांना टोकन देऊन यंत्रांतून वस्तू घेता येत. स्वतःचे डोकेसुद्धा बदलता येई. एका यंत्रात स्वस्तात मिळणारी बाहुली दुसऱ्या यंत्राला महाग विकता येते हे काही खेळाडूंना उमगले, आणि एका रात्रीत त्या जगातील चलन कित्येक पट वाढले. आभासी मालाच्या बाजाराचा हा बहुधा सर्वांत जुना नोंदलेला प्रसंग होय. मात्र बाहुली रेखली होती कंपनीनेच.

तिसरे मत जेम्स ॲस्पनेस यांच्या ‘टायनीमड’चे आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८९ मध्ये उघडलेल्या या जगात कोणीही सदस्य आज्ञा टंकून खोली खणू शके, वस्तू निर्माण करू शके आणि तिचे वर्णन लिहू शके. पुढे पाव्हेल कर्टिस यांच्या ‘लॅम्डामू’मध्ये (१९९०-९१) वस्तूला वागणूकही देता येऊ लागली : दिवा लावला की खोलीचे वर्णन बदलावे, पोपटाने ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणावे, इत्यादी. चित्र नाही, बाजार नाही, तरीही निर्मिती रहिवाशाच्या हाती, ही गोष्ट येथे प्रथम ठळकपणे दिसते. प्रस्तुत नोंदीने स्वीकारलेल्या व्याख्येशी हेच मत अधिक जुळते.

वस्त्रविद्येच्या अभ्यासकांकडून आणखी एक दावा होतो, तो असा की या साऱ्याचे मूळ जॅकार्ड मागात आहे. फ्रान्समधील ल्याँ येथील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास पूर्णत्वास नेलेल्या यंत्रणेत प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक छिद्रित कार्ड असते. छिद्र असेल तेथे हूक वर जाते व त्याला बांधलेला उभा धागा उचलला जातो. छिद्र नसेल तेथे धागा खालीच राहतो. ही कल्पनाही जॅकार्डची एकट्याची नव्हती. बुशाँ (१७२५), फाल्काँ (१७२८) आणि व्होकांसाँ (१७४५ च्या सुमारास) यांनी छिद्रित कागद व कार्डे त्याआधीच मागावर चालवून पाहिली होती. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी जॅकार्डची कार्डे घेतली. सुमारे २४,००० कार्डे लावून रेशमात विणलेले जॅकार्डचे व्यक्तिचित्र त्याच्या संग्रही होते. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन होलेरिथने छिद्रित कार्डे आकडेमोडीला जुंपली. येथवरचा धागा सलग आहे. परंतु पडद्यावरचे ठिपक्यांचे चित्र या धाग्यातून आलेले नाही. ते दूरचित्रवाणीच्या रेघांमधून आणि संगणकाच्या स्मृतीतील बिंदूंमधून स्वतंत्रपणे आले. त्यामुळे वंशावळीचा दावा सावधपणेच घ्यावा. कामाच्या रीतीतले नाते मात्र खरे आहे. आयुष्यभर नक्षीचे कागद भरलेल्या माणसाला टेक्स्चर समजावून सांगावे लागत नाही.

सोलापूरची पार्श्वभूमी : १८७० च्या दशकात उभी राहिलेली जुनी गिरणी आणि पाठोपाठ आलेल्या इतर गिरण्या यांमुळे सोलापूर कापडाचे शहर झाले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात हातमाग आणि पुढे यंत्रमाग वसवले. तेथील घरांत आजही तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलली जाते. जॅकार्डची चादर आणि टेरी टॉवेल ही तेथील दोन मुख्य उत्पादने, आणि अलीकडे गणवेशांची शिलाई. मोर, वेलबुट्टी, फुलांचे चौक, भौमितिक किनार ही चादरीवरची परिचित नक्षी होय. डिझाइन करणारा आधी चित्र काढतो, मग चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून ते उतरवतो. त्या कागदावरून कार्डे टोचली जातात आणि दोऱ्याने ओवून त्यांची माळ मागावर चढते. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड १९८३ मध्ये मिलानच्या यंत्रप्रदर्शनात पुढे आले, आणि त्यानंतर कार्डांची जागा हळूहळू फाइल घेऊ लागली. म्हणजे नक्षीकार संगणकावर घरे रंगवू लागला, तेव्हाच आभासी वस्तूच्या निम्म्या कामाशी त्याची ओळख झाली होती.

घडवण्याची रीत : लिंडेन लॅब या कंपनीचे ‘सेकंड लाइफ’ (२३ जून २००३) हे रहिवाशांनीच घडवलेल्या वस्तूंचे सर्वांत परिचित जग. सुरुवातीला तेथे घन, वृत्तचिती, गोल, कडे अशा मूळ आकारांना ताणून, पिळून, पोकळ करून वस्तू जुळवल्या जात. एका आकाराची बाजू १० मीटरपर्यंत, आणि २५६ मीटर लांब-रुंद भूभागावर असे १५,००० आकार, अशी मर्यादा होती. म्हणून कमी आकारांत अधिक रूप साधणारा कारागीर नावाजला जाई. २००७ मध्ये एक चमत्कारिक पद्धत आली. वस्तूचा आकारच एका रंगीत चित्रातून द्यायचा : प्रत्येक ठिपक्यातील लाल, हिरवा आणि निळा रंग म्हणजे त्या बिंदूची तीन दिशांतील जागा. नक्षीच्या कागदावर लाल घर म्हणजे ‘धागा उचल’ असे वाचणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटावी. २०११ पासून ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू व रेषा जोडून घडवलेली त्रिमित आकाराची जाळी, म्हणजे मेश, थेट आणता येऊ लागली आणि आज बहुतेक काम तसेच होते.

जाळी त्रिमित असते व चित्र सपाट. म्हणून जाळी काही रेषांवर कापून सपाट उलगडावी लागते. या रेषांना शिवण म्हणतात आणि शब्द अगदी नेमका आहे. गणवेशाच्या कारखान्यातील कटिंग मास्टर कापडावर पुढा, पाठ, बाही, कॉलर अशी मांडतो की कापड वाया जाऊ नये. उलगडणीत हेच काम उलट्या दिशेने होते. तयार सदरा आधी असतो, तो उसवून त्याचे तुकडे चौकोनी चित्रात बसवायचे. शिवण काखेत किंवा बगलेला घेतली तर दिसत नाही, छातीवर घेतली तर मोर दुभंगतो. ‘रोब्लॉक्स’ या ऑनलाइन खेळांच्या जगात (२००६) तर साध्या सदऱ्यासाठी ५८५ × ५५९ ठिपक्यांचा ठरलेला नमुना मिळतो, ज्यात धड आणि दोन्ही बाह्यांच्या बाजू आधीच आखलेल्या असतात. शिकाऊ माणसाने सुरुवात तेथून करावी हे उत्तम.

चादरीचे उदाहरण घेऊ. साठ बाय नव्वद इंचांची चादर १०२४ × १०२४ ठिपक्यांच्या चौरस टेक्स्चरवर बसवली, तर रुंदीत इंचाला सुमारे १७ आणि लांबीत सुमारे ११ ठिपके येतात. लांबीत चित्र दीडपट ताणले जाते आणि गोल फूल लंबगोल होते. मागावरही हाच धोका असतो : इंचातील उभ्या व आडव्या धाग्यांची संख्या सारखी नसते, म्हणून नक्षीचा कागद त्याच प्रमाणात आखलेला घ्यावा लागतो. इंचाला १७ ठिपक्यांत एकेक धागा दाखवणे अशक्यच. यावर दोन उपाय आहेत. पहिला पुनरावृत्तीचा, म्हणजे ४०० हुकांच्या जॅकार्डवर जसे ४०० धाग्यांचे एक आवर्तन चादरभर फिरते, तसे एक लहान, कडा जुळणारे चित्र पुन्हा पुन्हा मांडायचे. डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला ठिपक्याठिपक्याने जुळली पाहिजे. दुसरा उपाय पोताचा. रंगाच्या चित्रासोबत उंचसखलपणाचा भास देणारे वेगळे चित्र जोडले की प्रकाश धाग्यांच्या उंचवट्यांवर पडल्यासारखा दिसतो. चमक जवळजवळ शून्यावर ठेवावी. सुती चादर चकाकली की ती प्लास्टिकची वाटते, आणि नवख्यांच्या कामात हा दोष फार आढळतो.

सोलापुरी चादरीची खरी कसोटी तिच्या उलट्या बाजूत आहे. ती दुहेरी विणीची असल्याने वर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर खाली पांढऱ्या जमिनीवर लाल मोर उमटतो. आभासी जगात पृष्ठभागाला बहुधा एकच बाजू असते. संगणकाचे श्रम वाचावेत म्हणून मागची बाजू रेखाटलीच जात नाही, आणि चादरीचा कोपरा दुमडला की तेथे भोक पडल्यासारखे दिसते. आळशी कारागीर तेच टेक्स्चर मागे लावतो. मग कोपऱ्यात तोच लाल-पांढरा मोर दिसतो आणि ज्याने अशी चादर पांघरली आहे त्याला ती खोटी आहे हे तत्काळ कळते. योग्य रीत अशी की दुसरा पृष्ठभाग किंचित अंतरावर ठेवून त्यावर रंगांची अदलाबदल केलेले आणि आडवे उलटवलेले चित्र लावावे. टोकाच्या दशांसाठी प्रत्येक दोरा घडवण्याची गरज नसते. पारदर्शक पट्टीवर दोरे रंगवले की भागते. मात्र अर्धपारदर्शकता टाळून ‘दिसतो किंवा दिसत नाही’ असाच पर्याय घ्यावा, नाहीतर एकामागे एक असलेल्या पट्ट्या चुकीच्या क्रमाने दिसतात.

हक्क : नोव्हेंबर २००३ मध्ये लिंडेन लॅबने रहिवाशांच्या निर्मितीवरील बौद्धिक हक्क त्यांच्याकडेच राहतील असे जाहीर केले. या क्षेत्राच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानण्यास हरकत नाही. प्रत्येक वस्तूला तीन परवानग्या असतात : नक्कल करण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची. नक्कल आणि हस्तांतर या दोन्ही एकत्र दिल्या, तर पहिला ग्राहकच दुसऱ्या दिवशी दुकानदार होऊ शकतो. म्हणून विक्रेते सहसा त्यांपैकी एकच देतात. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘कॉपीबॉट’ नावाच्या साधनाने परवानगीवाचून वस्तूंच्या प्रती काढता येऊ लागल्या, तेव्हा अनेकांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली. बाहेर विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जाण्याचे दुःख ज्या शहराने सोसले आहे, त्याला या संतापाचे कारण सांगायला नको.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५ च्या सुमारास भौगोलिक निर्देशांक मिळाले. महाराष्ट्रातील ते अगदी आरंभीचे होत. हे संरक्षण मालाच्या नावाला असते, नक्षीला नाही. भौगोलिक निर्देशांकाच्या मूळ कायद्यातील मालाची व्याख्या शेतीमाल, नैसर्गिक वस्तू, हस्तव्यवसाय व कारखानदारीचा माल अशी असल्याने पडद्यावरच्या चादरीला ती कितपत लागू व्हावी हा वादाचा मुद्दा राहतो. नक्षीसाठी डिझाइन कायदा, २००० आहे. नोंदणी १० वर्षे आणि मुदतवाढ ५ वर्षे. नोंदणीयोग्य नक्षी नोंदवली नाही आणि तिच्या औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक प्रती निघाल्या, तर प्रताधिकार कायद्याच्या कलम १५(२) नुसार तिच्यावरील प्रताधिकार संपतो. मायक्रोफायबर्स खटल्यात (२००९) दिल्ली उच्च न्यायालयाने कापडाच्या नक्षीबाबत हेच कलम लागू केले. मागावर ५० चादरी निघायला फार काळ लागत नाही. तेव्हा आभासी विक्रीचा विचार असलेल्या नक्षीकाराने नोंदणी आधी करावी, हा सल्ला येथे आवर्जून नोंदवण्याजोगा आहे. परदेशांत नावाच्या बाजूने निकाल लागलेला आहे : २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने हर्मेस या पिशव्यांच्या कंपनीला आभासी पिशव्यांच्या विक्रेत्याविरुद्ध १,३३,००० डॉलरची भरपाई दिली. युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने २०२२ मध्ये आभासी मालाला बोधचिन्हांच्या नवव्या वर्गात ठेवले. खरे कापड चोविसाव्या वर्गात येते.

मोबदला : सेकंड लाइफमध्ये एक टेक्स्चर चढवण्यास दीर्घकाळ १० लिंडेन डॉलर (त्या जगाचे चलन) पडत, एका अमेरिकी डॉलरला साधारण २५० लिंडेन डॉलर असा दर राहिला आहे. रोब्लॉक्सने २०१३ पासून कर्त्यांना खेळातील चलनाचे खरे पैसे करून घेण्याची सोय दिली. भारतात एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या (क्रिप्टोचलन, एनएफटी इत्यादींच्या) हस्तांतरावरील उत्पन्नाला ३० टक्के कर आहे.

जतन : आभासी जग बंद पडले की त्यातील वस्तूही जातात. गुगलचे ‘लाइव्हली’ जुलै २००८ मध्ये उघडून त्याच वर्षी ३१ डिसेंबरला मिटले. ‘देअर’ मार्च २०१० मध्ये बंद झाले व पुढे दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाले. मागाच्या कार्डांची माळ गुंडाळून माळ्यावर ठेवली, तर वाळवी आणि ओल यांपासून वाचेल तितकी वर्षे ती टिकते, आणि तितक्याच हुकांच्या दुसऱ्या यंत्रावर चढवता येते. आभासी वस्तूच्या बाबतीत अशी माळ म्हणजे कर्त्याच्या स्वतःच्या संगणकातील मूळ फाइल : न कापलेली जाळी, थर वेगळे ठेवलेले टेक्स्चर आणि शिवणींचा नकाशा. जगात चढवलेली प्रत पुन्हा संपादित करण्याच्या रूपात सहसा परत मिळत नाही, म्हणून या तिन्ही गोष्टी दोन ठिकाणी ठेवण्याची प्रथा आहे.