संबंधित पक्ष व्यवहार

कंपनीने आपलाच संचालक, प्रवर्तक (कंपनी उभारून तिच्यावर ताबा ठेवणारे), त्यांचे नातेवाईक किंवा त्यांच्या ताब्यातील दुसऱ्या कंपनीशी केलेला व्यवहार. मुलाच्या कंपनीला कंत्राट, पत्नीची जागा भाड्याने घेणे, प्रवर्तकाच्या खासगी कंपनीला स्वस्त कर्ज ही त्याची नेहमीची रूपे. असा प्रत्येक व्यवहार गैर नसतो. एकाच समूहातल्या कंपन्या एकमेकींकडून माल घेतातच. खरा प्रश्न भावाचा. प्रवर्तकाचा एका कंपनीत दहा टक्के आणि दुसरीत शंभर टक्के वाटा असेल, तर पहिलीने दुसरीला जादा मोजलेल्या प्रत्येक रुपयातले नव्वद पैसे इतर भागधारकांच्या खिशातून जातात.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसमध्ये नेमके हेच घडू पाहत होते. १६ डिसेंबर २००८ रोजी या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने मायटास प्रॉपर्टीज पूर्ण आणि मायटास इन्फ्राचा ५१ टक्के हिस्सा मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले. दोन्ही कंपन्या अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी निगडित होत्या; सत्यममध्ये मात्र प्रवर्तकांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी उरला होता. मंडळात नामवंत प्राध्यापक आणि माजी कॅबिनेट सचिव असूनही ठराव संमत झाला. तो रोखला गुंतवणूकदारांनी: न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमच्या शेअरचा भाव निम्म्याहून खाली कोसळला आणि काही तासांत व्यवहार रद्द करावा लागला. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात राजूंनी ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचे कबूल केले. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा मायटास हा शेवटचा प्रयत्न होता, असेही त्यांनी लिहिले.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६ नुसार संचालकाने कंपनीच्या हिताला छेद देणारा हितसंबंध ठेवता कामा नये. गैरलाभ घेतल्यास तेवढी रक्कम कंपनीला भरावी लागते. कलम १८४ प्रमाणे त्याने आपला हितसंबंध उघड करून त्या विषयाच्या चर्चेतून बाहेर राहायचे असते. मोठ्या व्यवहारांना कलम १८८ खाली भागधारकांची मंजुरी लागते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी नियम आणखी कडक केले असून २०२२ पासून लेखापरीक्षण समितीतले फक्त स्वतंत्र (प्रवर्तक व व्यवस्थापनाशी संबंध नसलेले) संचालकच अशा व्यवहारांना मान्यता देऊ शकतात. कलम १८८ मधली पळवाट मात्र मोठी आहे. नेहमीच्या कामकाजातला, बाजारभावाने झालेला व्यवहार त्यातून सुटतो, आणि तो भाव रास्त असल्याचा अहवाल पुष्कळदा व्यवस्थापनानेच नेमलेला तज्ज्ञ देतो.